पडू दे

आमच्या कारखान्यात हातातून सुरी निसटली की तिला कुणी झेलायला जायचं नाही. दोन्ही हात छातीशी घ्यायचे, एक पाऊल मागे टाकायचं आणि मोठ्यांदा ओरडायचं, "पडू दे!" सुरी कुणाच्याही हातून पडो, हे सगळ्यांनी करायचं. हा नियम माझा. त्यावरून लोक मला पडूदे मास्तर म्हणायला लागले आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. बोळाच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. दारापाशी भट्टी आणि तेलाचं पिंप, मधे ग्राइंडर, त्याच्या पलीकडे बफचं, म्हणजे पॉलिशचं चाक, आणि खिडकीखाली मुठी बसवायचं टेबल. आम्ही तिघं. मी पात्यांना पाणी देतो, म्हणजे लालभडक तापवून तेलात बुडवून कडक करतो, आणि शेवटी धार काढतो. पॉलिशवाला चाकावर पाती चमकवतो. मुठीवाली लाकडी मुठी घासून, भोकं पाडून, खिळ्यांनी बसवते. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, खाटकांचे सुरे, कातडं कापायच्या राप्या, जे सांगाल ते.

नियमाचं कारण पॉलिशवाल्याच्या उजव्या हातावर आहे. एकोणीस वर्षांपूर्वी चाकावरून एक पातळ सुरी निसटली आणि त्याने ती झेलली. कुणीही झेलेल. पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो, डोक्याला विचारायला थांबत नाही. त्याच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. आजही तो चहाचा कप तीनच बोटांनी धरतो आणि उरलेली दोन ताठच राहतात. त्या दिवशी फरशीवरचं रक्त मी पुसलं होतं. तेव्हाच कानाला खडा लावला की इथे परत असं होऊ द्यायचं नाही.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. नियमांच्या बाबतीत तर फारच लवकर. चाकासमोर हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून नवखी माणसं हसतात, पण मोजा चाकात गेला तर आतल्या बोटांसकट जातो. बाह्या वर, केस बांधलेले. पातं काळं दिसलं तरी ते गरम आहे असंच समजायचं. आणि सुरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, आपला हात बाजूला घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायची.

'पडू दे' मात्र नुसतं सांगून येत नाही, ते अंगात मुरवावं लागतं. त्यासाठी मी एक लाकडी सुरी केली होती. कुणी बेसावध असलं की ती त्याच्यासमोर टाकायची. ज्याचा हात पुढे गेला त्याने आठवडाभर कारखाना झाडायचा. पॉलिशवाल्याने चारदा झाडला, मुठीवालीने एकदा. ते दोघंही माझ्यावर टपून असायचे, पण एकोणीस वर्षांत माझा हात एकदाही पुढे गेला नव्हता.

आता अंगात मुरलेलं काही कारखान्याला कुलूप लावताना आत राहत नाही. ते घरी यायचंच. बायकोने मीठ मागितलं की मी बरणी तिच्यासमोर टेबलावर ठेवायचो आणि हात बाजूला घ्यायचो. "मी काय चावते का तुम्हाला?" ती म्हणायची. नात जन्मली तेव्हा तर मी कमालच केली. बायकोने बाळ घ्यायला हात पुढे केले, तर मी बाळ आधी पलंगावर ठेवलं, एक पाऊल मागे सरलो आणि म्हणालो, "हं, घे आता." पलीकडच्या खाटांवरच्या बाळंतिणीसुद्धा टाके सांभाळत हसल्या.

त्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी थांबत नाही. सहा वर्षांची आहे. जावई बोटीवर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो. मुलगी बेकरीत दुपारच्या पाळीला जाते. म्हणून शाळा सुटली की भिंगरी आमच्याकडे. मी सकाळी लवकर जातो आणि साडेतीनला घरी येतो. चार ते सात हे तीन तास माझे आणि भिंगरीचे. बायको त्या वेळात शिवणाला बसते आणि आम्हा दोघांना खोलीत फिरकू देत नाही.

आम्ही काय करायचो? काहीही. तिच्या पेन्सिलींना मी अशी टोकं काढून द्यायचो की वर्गात तिचा भाव वाढायचा. ती मला शाळेतल्या चहाड्या सांगायची. घरात काही पडलं, कंगवा, साबण, खोडरबर, की ती माझ्याआधी हात छातीशी घेऊन ओरडायची, "पडू दे!" मग आम्ही दोघं पोट धरून हसायचो. सगळ्या दिवसात मला खरं सुख वाटायचं ते त्या तीन तासांत.

त्या गुरुवारी पावणेसात झाले होते. भिंगरीला जॅम हवा होता. बरणी वरच्या फळीवर. ती स्टूल ओढून त्यावर चढली. मी मागे, हातभर अंतरावर, तिची निळी पेन्सिल तासत उभा होतो. "सांभाळून," असं मी म्हणालो, हे मला पक्कं आठवतं. त्यानंतर काहीतरी चमकलं. काहीतरी पडलं. त्यानंतरचं आठवतं ते असं की मी भिंतीला पाठ लावून उभा आहे, दोन्ही हात छातीशी, आणि भिंगरी फरशीवर आहे.

आणि दारात माझी मुलगी उभी, खांद्याला पिशवी. ती नेमकी त्याच क्षणी तिला न्यायला आली होती.

कोपराजवळ हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं. भिंगरी आधी भोकाड पसरून रडली, मग प्लास्टर कुठल्या रंगाचं मिळेल ते विचारू लागली. सगळ्यांनी तिला एकच गोष्ट विचारली, वर का चढलीस? तिने एकच उत्तर दिलं, जॅम. मग मुलगी मला बाहेर घेऊन आली. बाकावर बसली नाही. उभ्यानेच बोलली.

"बाबा, मी दारात होते. तुमचा शब्द माझ्या कानावर पडला आणि मी आत पाहिलं. ती पडत होती आणि तुम्ही मागे सरलात."

"मी मागे सरलो?"

"हात पुढे करायचा सोडून मागे सरलात. आणि काय ओरडलात ते माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे आतून कुठेतरी माहीत होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

"पडू दे, म्हणालात."

मी बाकावर बसलो.

"तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण तिला तुमच्याकडे ठेवायची मला आता भीती वाटते. उद्यापासून ती तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे बसेल. मला भांडायचं नाहीये, बाबा."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी पटाईत आहे.

घरी येऊन रात्री बायकोला विचारलं, "तू ऐकलंस का गं, मी काय ओरडलो ते?"

"ऐकलं," ती म्हणाली. "रोजचंच ते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ती पडल्याचा आवाज आला."

मला काहीच कळेना. भिंगरीवर माझा जीव आहे. तिला साधा ताप आला तरी मला जेवण जात नाही. मग ती पडताना माझे हात तिच्याकडे का गेले नाहीत? माणसाचं प्रेम डोक्यात असतं, का छातीत, का हातात? हातात नसेल तर त्याचा उपयोग काय? मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नक्की कुणावर हेच समजत नव्हतं. कधी वाटायचं, मुलीने चुकीचं पाहिलं. कधी वाटायचं, तिने पाहिलं तेच खरं आणि मी इतकी वर्षं स्वतःला ओळखलंच नाही.

दोन दिवसांनी मी बायकोला म्हणालो, "माझ्यासमोर काहीतरी टाक."

"काय टाकू?"

"काहीही. मला न सांगता. बघू, मी झेलतो का."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग हातातली सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "पस्तीस वर्षं वाट बघतेय मी या दिवसाची."

तिने सुरुवात उशीपासून केली. मी पेपर वाचत असताना उशी आली. माझे हात छातीशी, मी खुर्चीसकट मागे. दाढी करताना मोज्यांचा गोळा आला. हात छातीशी, गालावर फेस, बेसिनला पाठ. मग बटाटे. ती दाराआडून, पलंगामागून, एकदा तर न्हाणीघराच्या खिडकीतून बटाटे टाकायची. बटाटे फरशीवर आपटायचे आणि मी भिंतीला चिकटून, "पडू दे!" खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकून विचारलं की वर नक्की काय चाललंय. बायको मात्र खूष होती. तिचा नेम दिवसेंदिवस सुधारत होता.

चार वाजले की मी खिडकीत उभा राहायचो. शाळेची मुलं खालून जायची. भिंगरी खालच्या बाईंच्या दारात शिरताना वर बघून प्लास्टरचा हात हलवायची. संध्याकाळी मुलगी फोन लावून तिला दोन मिनिटं बोलू द्यायची. "आजोबा, आत खाजतंय. मी प्लास्टरवर मासा काढलाय." तिचा आवाज नेहमीसारखाच. माझ्यावर राग नाही, रुसवा नाही. ते मला जास्तच कोड्यात टाकायचं. तिला कळलंच नसेल का मी काय केलं ते? का कळूनही ती मला सांभाळून घेत होती? सहा वर्षांच्या पोरीने आपल्याला सांभाळून घ्यावं, याची मला लाज वाटायची.

पाचव्या दिवशी मी मोजे झेलले. स्वयंपाकघरात आम्ही दोघं म्हातारे मोज्यांचा गोळा घेऊन लहान मुलांसारखे नाचलो. नवव्या दिवसापर्यंत दहातले सात बटाटे माझ्या हातात येऊ लागले. मी मुलीला फोन करून सांगणार होतो. पण काय सांगणार? की मी आता बटाटे झेलतो?

कारखान्यात मी पॉलिशवाल्याला सगळं सांगितलं होतं. त्याला त्यात काही अडचण दिसेना.

"घरी झेल, इथे सोड," तो म्हणाला. "एवढं काय डोकं लावतोस?"

"हात तेच आहेत रे."

"मग हातांना सांग, आपण कुठे आहोत ते."

मी खरंच सांगू लागलो. बोळात वळलो की मनातल्या मनात म्हणायचो, आता कारखाना. जिना चढू लागलो की म्हणायचो, आता घर. तरी गोंधळ व्हायचा. एकदा घरच्या दारात उभा राहून म्हणालो, आता कारखाना, आणि मग कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो. भट्टीतून पातं काढताना मला मधेच स्टूल दिसायचं. तेलात भडका उडाला तर पिंपावर झाकण टाकायचं, हे मी झोपेतही सांगेन. पण त्या आठवड्यात झाकण कुठे ठेवलंय तेच दोनदा आठवेना. मुठीवालीने ते न बोलता माझ्या पायाशी आणून ठेवलं.

मग तो मंगळवार. खाटकासाठी एक लांब सुरा तयार झाला होता. धार मीच काढली होती, कागद नुसता टेकवला तरी दोन तुकडे व्हावेत अशी. मुठीवालीने मुठीवर तेलाचा हात फिरवून सुरा टेबलावर ठेवला, जरा कडेला. मी वळलो आणि माझं कोपर त्याला लागलं.

पुढचं मला अगदी स्वच्छ आठवतं. सुरा टेबलावरून घसरला. मुठीवालीचे हात छातीशी गेले. पॉलिशवाल्याचे हात छातीशी गेले. दोघंही एक पाऊल मागे सरून एका सुरात ओरडले, "पडू दे!" आणि ज्याचा हा नियम, त्याने सुरा हवेत झेलला.

पात्याकडून झेलला.

आणि मी हसलो. हातातून रक्त मनगटावर येत होतं आणि मी म्हणत होतो, "झेलला! बघितलंत? झेलला मी!"

पॉलिशवाल्याने सुरा माझ्या मुठीतून सोडवून बाजूला ठेवला, धुतलेलं फडकं तळहातावर दाबलं आणि माझा हात वर करून धरला. "हात डोक्याच्या वर धर. दाबून ठेव. बघू नकोस तिकडे." मग तो ओरडायला लागला. त्याला एवढं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मूर्खा, तुला लागलंय का लॉटरी लागलीय? हसतोस काय?"

"मास्तर, बसा आधी," मुठीवाली म्हणाली. तिने स्टूल पुढे केलं. मी स्टुलाकडे बघितलं आणि हसणं थांबलं. मग मात्र मला रडू कोसळलं.

सहा टाके पडले. डॉक्टरीण म्हणाली, "केसभर आणखी आत गेलं असतं तर शीर गेली असती." पॉलिशवाला माझ्या शेजारी बसला होता. त्याने आपली दोन ताठ बोटं मांडीवर ठेवली होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"तुझं नशीब बरं," तो म्हणाला. "पण तुला नक्की काय शिकायचंय ते एकदा ठरव. उद्या तू भट्टीपाशी काय करशील, याची मलाच भीती वाटायला लागलीय."

बारा दिवसांत हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. घरीही माझी भीती आणि कारखान्यातही.

"मला घरी सुरी दिसते आणि इथे नात दिसते," मी म्हणालो. "मी काय करू ते तूच सांग."

तो उठत म्हणाला, "आठवडाभर कारखाना तू झाडायचास. टाके असले तरी."

मी घरी आलो तेव्हा बायकोने मुलीला फोन केलेला होता. तासाभरात मुलगी आली, बेकरीच्या पांढऱ्या एप्रनमध्येच, केसांना पीठ. खालून भिंगरीलाही वर घेऊन आली होती. भिंगरी मला बघून धावत सुटली आणि माझ्या पट्टीपासून वीतभर अंतरावर थांबली. एका बाजूला माझी पट्टी, एका बाजूला तिचं प्लास्टर. त्यावर खरंच मासा होता.

"कसं लागलं?" मुलीने विचारलं. तिच्या आवाजात अजून अंतर होतं, पण तिने चपलाही काढल्या नव्हत्या, इतक्या घाईने आली होती.

"सुरा पडत होता. मी झेलला."

मुलगी बघतच राहिली. मी असलं काही करीन, हे तिला खरं वाटेना. तिच्याही आधी भिंगरी बोलली.

"आजोबा! तू झेललास?"

"हो गं."

"सुरा?"

"हो."

"पण नियम?" तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी वर्गात चोरी करताना सापडलो असतो तरी तिने माझ्याकडे असं पाहिलं नसतं. "मी तर चमचासुद्धा नाही झेलला."

"चमच्याचं काय मधेच?" मुलगी म्हणाली.

"जॅमचा चमचा. माझ्या हातातून पडला ना, त्या दिवशी. मग आजोबा ओरडला, पडू दे. मग मी नाही झेलला. मी हात असे घेतले." तिने प्लास्टरचा हात जमेल तेवढा छातीशी नेला, दुसरा त्याच्यावर ठेवला. "आणि पाऊल मागे टाकलं. आजोबानेपण टाकलं. आम्ही दोघांनी बरोबर केलं. फक्त मी स्टुलावर होते."

आतल्या खोलीतल्या शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेलं कापड लोंबत होतं, त्याच्याकडे मी बघत राहिलो. चमकलं होतं ते काय, हे मला बारा दिवसांनी कळलं. मी ओरडलो ते चमच्यावर. मागे सरलो ते चमच्यापासून. ती पडली ती त्यानंतर. मी तिला पडू दिलं नव्हतं.

मी तिला पाडलं होतं.

आधी छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. यातलं जास्त जड कुठलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"म्हणजे मी इतके दिवस बटाटे फेकले ते उगाच?" बायको हळूच म्हणाली.

मुलगी खुर्चीत बसली. तिने दोन्ही हातांनी चेहरा पुसला, त्यामुळे पीठ गालांवर आलं. "मी तिला विचारलंच नाही," ती म्हणाली. "वर का चढलीस एवढंच विचारत राहिले. पडलीस कशी, ते विचारलंच नाही."

"दोष माझाच आहे," मी म्हणालो. "तुला वाटला तसा नसेल. पण माझाच. मी तिला नियम शिकवला आणि तो कुठे पाळायचा नाही ते शिकवलं नाही. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं."

भिंगरी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला एवढंच दिसत होतं की आपण शहाण्यासारखं वागलो तरी सगळ्यांचे चेहरे पडलेत. ती सोफ्यावर चढून उभी राहिली, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

"मग आता नियम काय?"

"स्टुलावर असताना मागे जायचं नाही."

"शिडीवर?"

"शिडीवरही नाही. कठड्यापाशीही नाही. आधी पायाखाली बघायचं."

"आणि माणूस पडत असला तर?"

"माणूस झेलायचा."

"आणि माणसाच्या हातात सुरी असली तर?"

कारखान्यात असं कुणी विचारलं असतं तर मी दरडावून काहीतरी उत्तर ठोकून दिलं असतं. इथे ते जमेना.

"माहीत नाही गं," मी म्हणालो. मी तिला असं पहिल्यांदाच म्हणत होतो. "पण तू असलीस तर झेलीन."

तिला ते पटलं असावं. तिने पुढे काही विचारलं नाही.

मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाळी अर्धी टाकून आली होती, तिला परत जायचं होतं. ती उठली, तिने भिंगरीला सोफ्यावरून उचललं. मला वाटलं, निघाल्या. खालच्या बाईंकडे सोडेल आणि जाईल. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी सवयीने सोफ्याकडे बोट दाखवलं. "ठेव इथे. मी घेतो मग."

"ठेवणार नाही," ती म्हणाली. "हातात घ्या."

मी पट्टीचा हात भिंगरीच्या पाठीमागे घातला, चांगला हात गुडघ्यांखाली. सहा वर्षांची पोर, पाय खाली लोंबकळणारे, प्लास्टरचं वजन वेगळं. टाके ताणले गेले. मुलीने अजून तिला सोडलं नव्हतं. चौघांचे श्वास मला ऐकू येत होते.

"धरलीत?"

"धरली."

"नीट?"

माझा उजवा पाय मागे जायला बघत होता. मी तो फरशीवर दाबून धरला.

"सोडू?" तिने विचारलं.

"सोड," मी म्हणालो.